पक्षिगणनेचे यश कशावर मोजावे?

खुल्या विज्ञानात माहिती जमवण्यापासून निष्कर्ष काढण्यापर्यंतचे काम सर्वांसमोर चालते. त्यात शास्त्रज्ञांबरोबर शेतकरी, विद्यार्थी आणि हौशी निरीक्षकही सहभागी होतात. युनेस्कोने 2021 मध्ये स्वीकारलेल्या शिफारशीत समाजाच्या अशा सहभागाला महत्त्वाचे स्थान आहे. मात्र असे सहकार्य यशस्वी झाले की नाही, हे ठरवण्याचे निकष कोणते? गोंदिया जिल्ह्यातील पक्षिगणनेवरून ते स्पष्ट होतात.

गढवी नदीवरचे इटियाडोह धरण, त्याच्या परिसरातील नवेगावबांध, गावोगावचे मामा (माजी मालगुजारी) तलाव आणि बोड्या म्हणजे लहान तळी यांमुळे हा जिल्हा पाणपक्ष्यांचा मुलूख आहे. महाराष्ट्रातील उरलेसुरले सारसही मुख्यतः याच जिल्ह्यात आहेत. गोंदियाची ‘सेवा’ ही संस्था, वन विभाग, पक्षिमित्र आणि शेतकरी मिळून पावसाळ्याच्या तोंडावर त्यांची गणना करतात. सारस धानाच्या बांध्यांतही घरटे करतो. त्यामुळे घरट्याची पहिली खबर बहुधा शेतकऱ्यालाच असते आणि त्याच्या सहकार्याविना ही गणना पुरी होत नाही.

सहभागींची व नोंदींची संख्या हा सर्वांत सोपा निकष आहे, पण तो पुरेसा नाही. ‘स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्स’ हा 2023 चा अहवाल सुमारे 30,000 पक्षिनिरीक्षकांच्या 3 कोटी नोंदींवर आधारलेला आहे. त्यात 942 जातींचा विचार झाला, तरी दीर्घकालीन कल सांगता आला तो साडेतीनशेहून कमी जातींबाबत. नोंदी कोट्यवधी असल्या, तरी बाकीच्या जातींसाठी त्या अपुऱ्या पडल्या.

म्हणून दुसरा निकष सातत्याचा आणि विस्ताराचा. शहरांजवळच्या पाणवठ्यांवर निरीक्षकांची गर्दी असते, दूरचे जलाशय मात्र नोंदींविना राहतात. इटियाडोहावर एका वर्षी दहा जण आले आणि पुढची दोन वर्षे कोणीच फिरकले नाही, तर पक्षी वाढले की घटले हे कळणार नाही. दरवर्षी त्याच काळात, त्याच पद्धतीने केलेली मोजणीच तुलनेला उपयोगी पडते. आशियाई पाणपक्षी गणना 1987 पासून दर जानेवारीत होते. तिचे मोल या सलगतेत आहे.

तिसरा निकष विश्वासार्हतेचा. यादीत वेळ, ठिकाण आणि निरीक्षणाला दिलेला अवधी नोंदवावा लागतो. दिसलेल्या व ओळखलेल्या सर्व जाती लिहिल्या, तरच एखादी जात न दिसण्यालाही अर्थ येतो. ‘ईबर्ड’ या पक्षिनोंदींच्या संकेतस्थळावर अनपेक्षित नोंदी जाणकारांकडून तपासल्या जातात. सारसासारखा मोठा पक्षी एका तळ्यावरून दुसऱ्यावर उडून गेला, तर दोनदा मोजला जाण्याचा धोका असतो. सर्व ठिकाणी एकाच वेळी मोजणी केल्याने तो कमी होतो.

चौथा आणि सर्वांत महत्त्वाचा निकष उपयोगाचा. ही माहिती इतर संशोधकांनी वापरली का? तिच्यामुळे काही निर्णय बदलला का? सारसांच्या घटत्या संख्येची मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने 2021 मध्ये स्वतःहून दखल घेतली आणि जिल्हा पातळीवर सारस संवर्धन समित्या नेमण्याचे निर्देश दिले. एखादी जात घटते आहे हे वर्षानुवर्षांच्या मोजणीशिवाय दाखवता येत नाही. ज्या शेतकऱ्याने घरटे राखले, त्याला श्रेय मिळाले का आणि निष्कर्ष त्याच्यापर्यंत मराठीत पोहोचले का, हेही येथेच तपासायला हवे.

या निकषांना दोन पथ्ये जोडावी लागतात. खुलेपणा म्हणजे सरसकट जाहीर करणे नव्हे. घरट्यांची नेमकी ठिकाणे राखूनच ठेवावी लागतात. तसेच, पक्ष्यांची संख्या घटली म्हणून गणना अयशस्वी ठरत नाही. घट वेळेवर आणि खरेपणाने दाखवणे हे गणनेचे काम. वीजवाहिन्या, कीटकनाशके आणि आटत्या पाणथळ जागा यांवर उपाय करणे ही शासन व समाजाची जबाबदारी.

सहकार्याचे यश नोंदींच्या ढिगावर ठरवू नये. मोजणी दरवर्षी होते का, तिच्यावर विश्वास ठेवता येतो का आणि तिच्या आधारे कृती होते का, यावरच ते ठरवले पाहिजे.