सिनेमा कसा आहे, कुणाला विचारायचं? गावाचं मत नेमकं कुठे मोजलं जातं, समजून घ्या

भिवंडी : शुक्रवारी नवा सिनेमा लागतो आणि शनिवारी सकाळपर्यंत गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर त्याचा निकाल लागलेला असतो. कुणी लिहितं, "बकवास आहे, पैसे घालवू नका." कुणी लिहितं, "लय भारी, बघाच." पण असं लिहिणाऱ्यांपैकी थिएटरात जाऊन आलेले किती? एखाद-दुसरा. बाकीच्यांनी आलेला मेसेज तसाच फॉरवर्ड केलेला असतो.

शहरातल्या माणसाचं चुकीच्या मतामुळे एक तिकीट वाया जातं. पडघा, अंबाडी, वज्रेश्वरी भागातल्या कुटुंबाला मल्टिप्लेक्ससाठी कल्याण नाहीतर ठाणे गाठावं लागतं. तिकीट २०० रुपये धरलं तरी चौघांचे ८०० झाले. वर गाडीभाडं, मध्यंतरातलं खाणं आणि रस्त्यावरची ट्रॅफिक वेगळी. घरातल्या एका माणसाची दोन-तीन दिवसांची मजुरी एका पिक्चरला जाते. म्हणून कुणाचं ऐकायचं आणि आपलं मत कुठे नोंदवायचं, हे दोन्ही माहीत पाहिजे.

पहिले तीन दिवस का महत्त्वाचे?

शुक्रवार, शनिवार, रविवार या तीन दिवसांत किती तिकिटं खपली, त्यावर पुढचे शो ठरतात. सोमवारी गर्दी टिकली तर शो राहतात. नाही टिकली तर कमी होतात किंवा अडचणीच्या वेळेला जातात. पुढच्या शुक्रवारी नवे सिनेमे दारात उभेच असतात.

पैशाचं गणितही पहिल्या आठवड्याकडे झुकलेलं आहे. २००९ मध्ये हिंदी निर्माते आणि मल्टिप्लेक्स यांच्यात भांडण मिटलं, तेव्हा ठरलेला निर्माता-वितरकांचा वाटा असा होता : पहिल्या आठवड्यात ५० टक्के, दुसऱ्यात ४२.५, तिसऱ्यात ३७.५ आणि चौथ्यात ३० टक्के. म्हणजे प्रेक्षक जितका उशिरा येतो, तितका सिनेमा बनवणाऱ्याच्या हातात कमी पैसा पडतो.

मराठी सिनेमाला याचा जास्त फटका बसतो. राज्य सरकारने २०१५ मध्ये मल्टिप्लेक्समध्ये दुपारी १२ ते रात्री ९ या वेळेत मराठी सिनेमा दाखवण्याचं धोरण आणलं. पण दुपारी १२ चा शो दिला तरी नियम पाळला जातो. त्या वेळी शेतावर, कारखान्यात किंवा गोदामात असलेला माणूस सिनेमाला जाणार कसा? "मराठी पिक्चर चालतच नाय" असं आपण म्हणतो, तेव्हा आपल्याला जमेल अशा वेळेला तो लागला होता का, हेही बघायला हवं.

तोंडी प्रसिद्धीची ताकद

मत खरं असेल आणि माणसं तिकीट काढून गेली, तर काय होतं याचं उदाहरण समोर आहे. केदार शिंदे यांचा 'बाईपण भारी देवा' ३० जून २०२३ ला लागला. सहा बहिणींची आणि मंगळागौरीची गोष्ट. एका बाईने बघितला, तिने दुसरीला सांगितलं, मग बायकांचे गट ठरवून, नटूनथटून थिएटरात जायला लागले. त्या गर्दीपुढे शो वाढवावे लागले.

त्याआधी २९ एप्रिल २०१६ ला नागराज मंजुळे यांचा 'सैराट' आला. अजय-अतुल यांची गाणी आधीच वरातीत वाजत होती. एकदा बघून आलेला माणूस मित्रांना घेऊन परत जात होता. या दोन्ही वेळेला लोकांचं मत तिकीट खिडकीवर दिसलं. ग्रुपवरचा अंगठा तिथे मोजला जात नाही.

कोटींचा आकडा कसा वाचायचा?

'इतके कोटी कमावले' अशी पोस्ट आली की आधी बघा, आकडा ग्रॉस आहे की नेट. ग्रॉसमध्ये कर धरलेला असतो, नेटमध्ये नसतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून १०० रुपयांपर्यंतच्या तिकिटावर ५ टक्के आणि त्यावरच्या तिकिटावर १८ टक्के जीएसटी आहे. २०० रुपयांच्या तिकिटात साधारण साडेतीस रुपये कर जातो. राहिलेल्या पैशातून थिएटरचा वाटा निघतो. त्यामुळे '१०० कोटी' म्हणजे निर्मात्याच्या खिशात १०० कोटी नव्हे. आणि जास्त कमाई म्हणजे सिनेमा आपल्याला आवडेलच, असंही नाही.

विकत घेतलेलं मत

बियाणं घेताना आपण दुकानदारापेक्षा ते पेरलेल्या शेजाऱ्याला विचारतो. सिनेमाचंही तसंच ठेवा. इन्स्टाग्राम, यूट्यूबवरचा माणूस पैसे किंवा भेटवस्तू घेऊन कौतुक करत असेल, तर ती जाहिरात आहे असं स्पष्ट लिहिणं अपेक्षित आहे. जाहिरात क्षेत्रातल्या 'आस्की' संस्थेने २०२१ मध्ये आणि केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने २०२३ मध्ये तशा सूचना दिल्या आहेत. पण सगळे पाळतात असं नाही.

उलटही होतं. सिनेमा पाडायला ठरवून वाईट लिहिलं जातं. केरळमध्ये २०२३ साली हा प्रश्न थेट हायकोर्टात गेला होता.

ओळखायचं कसं? पहिला शो सुटायच्या आत आलेलं मत, वेगवेगळ्या नावांनी तेच तेच वाक्य, आणि काय आवडलं ते न सांगता नुसते पाच स्टार, असं दिसलं की सावध व्हा. खरा प्रेक्षक कारण सांगतो. "पहिला भाग लांबला, पण शेवट चांगला" असं म्हणणारा बहुधा बघून आलेला असतो.

'रेटिंग द्या, पैसे कमवा' : हा सापळा आहे

घरबसल्या सिनेमाला रेटिंग द्या आणि दिवसाला हजारो कमवा, असे मेसेज टेलिग्राम आणि व्हॉट्सॲपवर येतात. सुरुवातीला १००-२०० रुपये खरंच खात्यात येतात. विश्वास बसला की 'प्रीपेड टास्क'साठी पैसे भरायला सांगतात. स्क्रीनवर नफा वाढताना दिसतो, पण तो काढायला गेलं की आणखी पैसे मागतात. यात लोकांची लाखांत फसवणूक झाली आहे.

पैसे भरून मत देण्याचं कुठलंही खरं काम नसतं. फसवणूक झाली तर लाजू नका. लगेच १९३० या नंबरवर फोन करा. जितक्या लवकर कळवाल, तितकी पैसे थांबवण्याची शक्यता जास्त.

गाण्याचं मत कसं मोजतात?

गाण्याला थिएटर लागत नाही. जळगाव जिल्ह्यातल्या संजू राठोड याचं 'गुलाबी साडी' हे गाणं कुठल्याही सिनेमातलं नव्हतं, तरी २०२४ मध्ये लोकांच्या रील्सवरून ते देशभर पोचलं. आपल्या भागातली आगरी-कोळी गाणीही हळदीतून आणि मोबाईलवरूनच पसरतात.

पण गाणं कुठे ऐकलं याला महत्त्व आहे. मूळ कलाकाराच्या किंवा कंपनीच्या चॅनलवर ऐकलं, तर ते त्यांच्या खात्यात मोजलं जातं. स्पॉटिफायवर ३० सेकंद ऐकल्यावर एक स्ट्रीम धरली जाते. ब्लूटूथने पाठवलेली किंवा मेमरी कार्डात भरून घेतलेली फाइल कुठेच मोजली जात नाही. गावातल्या पोराचं गाणं आवडलं, तर फाइल मागू नका. त्याच्या चॅनलची लिंक मागा.

थिएटरात शूटिंग नको

स्टेटसला टाकायला पडद्याचं शूटिंग करायची सवय महागात पडू शकते. २०२३ च्या दुरुस्तीनुसार सिनेमा चोरून रेकॉर्ड केल्यास ३ महिने ते ३ वर्षं तुरुंगवास आणि किमान ३ लाख रुपये दंडाची तरतूद आहे. स्टेटसला तिकिटाचा फोटो टाका आणि खाली दोन ओळींत लिहा, काय आवडलं आणि काय नाही. सिनेमाला जायचं की नाही हे ठरवणाऱ्या शेजाऱ्याला त्याचाच उपयोग होतो.