काटक, पण कशाच्या बाबतीत?

आर्क्टिकमधलं झाड म्हटलं की आपण त्याला 'काटक' म्हणून मोकळे होतो. पण काटक कशाच्या बाबतीत, हे आधी विचारा.

ड्रायस ऑक्टोपेटाला घ्या. साधारण आठ पांढऱ्या पाकळ्यांचं फूल येणारं, जमिनीलगत पसरणारं हे बहुवर्षायू झुडूप. भारताचं 'हिमाद्री' केंद्र २००८ पासून ज्या स्वालबार्डमध्ये आहे, तिथेही ते वाढतं. थंडी, वारा, निकस माती, सगळं त्याला चालतं. मुळाशी साचलेलं पाणी, सावली आणि दमट उकाडा मात्र सोसत नाही. म्हणून लागवड करताना माती खडीमिश्रित हवी, ऊन भरपूर हवं, खत जवळपास नकोच. ताजं बी पेरून हिवाळाभर थंडीत राहू द्यायचं. रोप रुजलं की जागा बदलायची नाही, मुळं दुखावतात.

आता प्रयोगाकडे या. तापमानवाढीचा परिणाम बघायला टुंड्रात झाडांभोवती वरून उघड्या, पारदर्शक पेट्या ठेवतात. आत साधारण १ ते ३ अंश सेल्सियस जास्त ऊब मिळते. पण पेटी वाराही अडवते, कीटकांची ये-जाही बदलते. आणि ड्रायसचं फूल तर सूर्याकडे वळून वाटीसारखं ऊन गोळा करतं; त्या उबेला कीटक येतात. मग बी कमी धरलं, तर कारण तापमान की परागण?

तुमच्या प्रस्तावातही 'मी काय बदलणार' याच्या शेजारी 'त्यासोबत आणखी काय बदलेल' हा रकाना आखा. गाईडने विचारायच्या आधीच.