बेचाळीस दिवस, सहा फेऱ्या

भाईंदर पूर्वेच्या चाळीत आशाताई येते तेव्हा तिच्या पिशवीत वजनकाटा आणि कापडी झोळी असते. बाळाला झोळीत ठेवून ती काटा डोळ्यांच्या रेषेत धरते. अडीच किलोच्या आत भरलं, की तिचं लक्ष त्या घराकडे जास्त. या काट्याचा माग काढत गेलं, तर आपण थेट गडचिरोलीला पोचतो.

तिथे 1993 साली डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने 39 गावांत काम मांडलं. बाळंतपणं घरीच होत. पहिल्या आठवड्यात गेलेलं बाळ सरकारी वहीत क्वचितच चढे. मोजलंच नाही, तर कारण कोण शोधणार? 1995-96 मध्ये त्यांनी 763 नवजात बाळं घरी जाऊन पाहिली. त्यांतली 42 टक्के अडीच किलोहून कमी वजनाची. मरण एका कारणाने येत नसे. दिवस न भरलेलं, हलकं बाळ गार पडतं. गार पडलं की दूध ओढत नाही. आणि अशा थकलेल्या जिवाला जंतुसंसर्ग गाठतो. वर, जन्मल्याबरोबर आंघोळ घालायची रीत!

उपाय गावातच होता. पाच ते दहा इयत्ता शिकलेली बाई आरोग्यदूत झाली. बाळाला ऊब देणं, श्वास मोजणं तिला शिकवलं, आणि गरज पडली तर जेंटामायसिन या प्रतिजैविकाचं इंजेक्शन देणंही. शहरी डॉक्टरांना हे पचणं अवघडच होतं. पण हजार जन्मांमागे 62 असलेले नवजात मृत्यू 1997-98 पर्यंत 25वर आले. डिसेंबर 1999च्या ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने ते जगापुढे ठेवलं.

2011पासून देशभरच्या आशा याच वाटेने जातात. दवाखान्यात बाळंतपण झालं, तर बेचाळीस दिवसांत सहा फेऱ्या. 2020 साली महाराष्ट्राचा नवजात मृत्युदर 11 होता, देशाचा 20.

आमच्या शहरात दवाखाना रिक्षाच्या अंतरावर. इथे अडतं वेगळंच: सातव्या महिन्यात बाई गावी जाते, खोली बदलते, आणि आशाताई कुलपासमोर उभी राहते.

तुमच्या मजल्यावर तान्हं बाळ असेल, तर आशाताईला कळवा. बाळ दूध ओढेनासं झालं, तळपाय गार लागले, छाती आत ओढली जाऊ लागली, तर सकाळची वाट पाहू नका. 102ला फोन लावा.