तिकीट फुकट, पण एसटी फाट्यावर



“एसटी आता फुकट आहे ना, मग पाड्यावरची म्हातारी माणसं दवाखान्यात का जात नाहीत?” असा प्रश्न मंडळीत अनेकदा विचारला जातो. म्हणून याविषयी थोडे सविस्तर.

२६ ऑगस्ट २०२२ पासून ७५ वर्षांवरील ज्येष्ठांना राज्यात एसटीचा प्रवास मोफत आहे. ६५ ते ७५ वयाच्यांना अर्धे तिकीट लागते. १७ मार्च २०२३ पासून सर्व वयाच्या महिलांनाही अर्ध्या तिकिटाची सवलत मिळाली. ग्रामीण भागातील मुलींना बारावीपर्यंत शाळेसाठी मोफत पास मिळतो. सवलतीचे पैसे सरकार महामंडळाला देते.

मुरबाड तालुक्याला रेल्वे नाही. त्यामुळे तिथल्या कातकरी, ठाकर कुटुंबांना कल्याण गाठायला एसटीच हवी. भाडे कमी झाले की बाई बाजाराला, बँकेत, माहेरी जाऊ शकते. घरातल्या पुरुषाकडे पैसे मागावे लागत नाहीत, हा लाभ लहान नाही.

पण अडचणी तीन. पहिली म्हणजे एसटी मुख्य रस्त्यावरच्या फाट्यावर थांबते. पाड्यापासून तिथवर चालावे लागते आणि गाडी चुकली तर जीपला पूर्ण भाडे मोजावे लागते. दुसरी, वयाचा पुरावा. कित्येक कातकरी आजी-आजोबांच्या जन्माची नोंदच नाही. आधार कार्डावर वय कमी लागले असेल, तर पंच्याहत्तरी उलटूनही तिकीट काढावे लागते. तिसरी, सोबत. आजारी आजोबा एकटे जाऊ शकत नाहीत. सोबतच्या मुलाला पूर्ण तिकीट पडते, शिवाय त्याची दिवसाची मजुरी बुडते. आणि कल्याण-ठाण्यात उतरल्यावर पालिकेच्या बसचे नियम वेगळे.

म्हणजे सवलतीने दार उघडले, पण दारापर्यंत पोहोचवायला माणूस लागतो. पक्षघाती मनुष्याला चौघांनी उचलून प्रभूकडे नेले, हे आपण जाणतोच.

आपण काय करू शकतो? पाड्यावरील ज्येष्ठांची कागदपत्रे पाहून वयाची चूक दुरुस्त करून देणे. कल्याण आगारात उतरणाऱ्या रुग्णाला दवाखान्यापर्यंत सोबत करणे. जाणाऱ्याची एका दिवसाची मजुरी भरून देणे. यांपैकी एक जबाबदारी आपल्या मंडळीने घ्यावी, ही विनंती. पाड्यांवरील आजाऱ्यांना आपल्या प्रार्थनेत आठवा.