बोली कुणाची, लेखणी कुणाची?

ख्रिस्ती मिशनऱ्यांविषयी आपल्याकडे दोन ठराविक भूमिका घेतल्या जातात. मिशनऱ्यांनी भोळ्याभाबड्या लोकांची संस्कृती बुडवली, असे एक पक्ष म्हणतो. अडाण्याला अक्षर दिले ते मिशनऱ्यांनीच, असे दुसरा पक्ष म्हणतो. या दोन्ही पक्षांचे लक्ष मिशनऱ्यावर असते. ज्यांची संस्कृती बुडाली किंवा ज्यांना अक्षर मिळाले त्या माणसांचे पुढे काय झाले, त्यांच्या भाषेचे काय झाले, हा प्रश्न बाजूलाच राहतो. शहापूर-मुरबाडसारख्या तालुक्यांत, जिथे ठाकर, कातकरी, वारली, महादेव कोळी, कुणबी आणि बौद्ध समाज शेजारी शेजारी राहतात, तिथे काम करणाऱ्या कार्यकर्त्याला व शिक्षकाला हा प्रश्न बाजूला ठेवून चालणार नाही.

आधी आफ्रिकेकडे पाहू. एकोणिसाव्या शतकात युरोपीय मिशनरी आफ्रिकेत गेले तेव्हा तिथल्या बहुसंख्य भाषा केवळ बोलल्या जात होत्या. इथिओपियात जुनी लिपी होती, आणि पूर्व किनाऱ्यावरची स्वाहिली भाषा अरबी लिपीत लिहिली जात होती. इतरत्र मात्र मिशनऱ्याने प्रथम लोकांत बसून भाषा ऐकली, रोमन अक्षरांत ती उतरवली, तिचे व्याकरण व शब्दकोश तयार केला आणि मग बायबल छापले. योहान लुडविग क्राफ या जर्मन मिशनऱ्याने १८५० साली स्वाहिलीचे व्याकरण प्रसिद्ध केले. झुलू भाषेतील संपूर्ण बायबल १८८३ साली छापून झाले. धर्मग्रंथ प्रत्येकाने स्वतःच्या भाषेत वाचला पाहिजे, हे प्रोटेस्टंट पंथाचे तत्त्व या खटाटोपामागे होते.

परंतु भाषा लिहिणे ही निरुपद्रवी गोष्ट नसते. लिहिणारा निवड करतो. झुलू लोकांत 'उन्कुलुन्कुलु' हा शब्द आदिपुरुषासाठी, पहिल्या पूर्वजासाठी वापरला जाई. मिशनऱ्यांनी तोच शब्द ख्रिस्ती ईश्वराला लावला. शब्द जिवंत राहिला, पण त्यातला पूर्वज निघून गेला. नायजेरियातील इग्बो भाषेच्या अनेक बोली आहेत. त्या एकत्र कालवून तयार केलेल्या भाषेत १९१३ साली बायबल प्रसिद्ध झाले. अशी भाषा कुणाच्याही घरात बोलली जात नव्हती. पुढे चिनुआ अचेबे यांच्यासारख्या थोर इग्बो लेखकानेही त्या ठोकळेबाज भाषेवर कठोर टीका केली.

मग लेखणी आफ्रिकी माणसाच्या हाती आली तेव्हा काय घडले? सॅम्युअल अजायी क्राउदर हा गुलामांच्या जहाजावरून सुटका झालेला योरुबा मुलगा. त्याने आपल्या भाषेचे व्याकरण व कोश केला, बायबलच्या योरुबा भाषांतराचे नेतृत्व केले आणि १८६४ साली तो बिशप झाला. पण पुढच्या काळात गोऱ्या मिशनऱ्यांनी त्याचे अधिकार काढून घेतले. १८९१ साली तो वारल्यावर त्याच्या जागी गोरा बिशप नेमण्यात आला. शिकवावे, पण बरोबरीला बसवू नये, ही वृत्ती आपल्या वाचकाला समजावून सांगण्याची गरज नाही.

केनियातील गिकुयू लोकांचे उदाहरण अधिक गुंतागुंतीचे आहे. १९२९ साली मिशनांनी मुलींच्या सुंतेची चाल सोडण्याची अट घातली. ती चाल मुलींच्या शरीरावर अत्याचार करणारी होती, यात शंका नाही. पण सुधारणा हुकमाच्या रूपाने आली, आणि जमिनी बळकावणाऱ्या गोऱ्यांच्या राज्यात आली. हजारो लोक मिशनमधून बाहेर पडले आणि त्यांनी स्वतःच्या स्वतंत्र शाळा काढल्या. त्याच गिकुयू समाजातला नगुगी वा थिओंगो हा लेखक सरकारविरोधी नाटकामुळे तुरुंगात गेला, आणि तिथे त्याने शौचकागदावर गिकुयू भाषेत कादंबरी लिहिली. ती १९८० साली प्रसिद्ध झाली. रोमन अक्षरात गिकुयू लिहिण्याची पद्धत मिशनऱ्यांनी घालून दिली होती. त्याच अक्षरांत पुढे सत्तेविरुद्धचे साहित्य लिहिले गेले.

आता महाराष्ट्राकडे वळू. इथली परिस्थिती मुळातच वेगळी होती. मराठीला लिपी होती, ग्रंथ होते आणि त्या ग्रंथांवर पहारा करणारा वर्गही होता. थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइटाने गोव्यात राहून ओवीबद्ध मराठीत 'क्रिस्तपुराण' रचले. ते १६१६ साली छापले गेले. त्याने कोकणीचे व्याकरणही लिहिले. पण त्याच गोव्यात १६८४ साली पोर्तुगीज व्हाइसरॉयने कोकणीवर बंदीचा हुकूम काढला. भाषेवर प्रेम करणारा पाद्री आणि भाषा मोडणारी सत्ता एकाच झेंड्याखाली नांदू शकतात, एवढे यावरून ध्यानात घ्यावे.

पुढे विल्यम कॅरेने १८०५ साली मराठीचे व्याकरण, १८१० साली कोश आणि १८११ साली नवा करार प्रसिद्ध केला. हे काम बंगालमध्ये झाले आणि त्याला साहाय्य केले वैजनाथ पंडितांनी. हा तपशील महत्त्वाचा आहे. आफ्रिकेतील मिशनरी भाषा शिकण्यासाठी जंगलातल्या, शेतातल्या माणसाजवळ बसला. मराठीत तो पंडिताजवळ बसला. त्यामुळे छापील मराठीचे वळण ठरवताना महारवाड्यातली, मांगवाड्यातली, ठाकरवाडीतली मराठी हिशेबात आलीच नाही. ज्यांच्यापर्यंत देवाचा शब्द पोचवायचा त्यांची भाषा सोडून, ज्यांनी शब्दावर मक्ता ठेवला त्यांचीच भाषा प्रमाण धरली गेली.

या घटनेला अपवादही आहेत. अमेरिकन मराठी मिशनने अहमदनगर परिसरात काम वाढवले तेव्हा तिथे ख्रिस्ती झालेले बहुसंख्य लोक महार-मांग होते. पण मराठी ख्रिस्ती साहित्य म्हणून आपण जी नावे शिकवतो ती बाबा पदमनजी, नारायण वामन टिळक, लक्ष्मीबाई टिळक यांची. त्यांची थोरवी कमी लेखण्याचे कारण नाही. परंतु चर्चच्या बाकांवर बहुसंख्येने बसलेला माणूस साहित्यात एवढा अल्पसंख्य का, हा प्रश्न विचारलाच पाहिजे. पंडिता रमाबाईंनी मात्र कमी शिकलेल्या बायकांना कळेल अशा सोप्या मराठीत बायबल आणण्यासाठी आयुष्याची अखेरची वर्षे वेचली. ते बायबल त्यांच्या मृत्यूनंतर, १९२४ साली प्रसिद्ध झाले.

मिशनरी कार्याचा आपल्या दृष्टीने सर्वांत मोलाचा परिणाम मात्र बायबलच्या भाषांतरात सापडत नाही. म. जोतीराव फुले पुण्यात स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकले. त्यांनी धर्म बदलला नाही. शाळेतून त्यांनी विचार घेतला आणि स्वतःच्या शाळा काढल्या. त्या शाळेत शिकलेल्या मुक्ता साळवे या मांग समाजातील मुलीचा महार-मांगांच्या दुःखाविषयीचा निबंध १८५५ साली 'ज्ञानोदय'मध्ये छापून आला. वेद जर फक्त ब्राह्मणांचे, तर आमचा ग्रंथ कोणता, आमचा धर्म कोणता, असा प्रश्न तिने त्यात उभा केला आहे. पत्र मिशनऱ्यांचे, शाळा फुल्यांची आणि दुःख व लेखणी तिची स्वतःची. ज्या क्षणी तिने लिहिले त्या क्षणी ती कुणाच्याही प्रचाराचे साधन उरली नाही.

या निबंधाशी आपल्या तालुक्यांतील आदिवासींचा इतिहास ताडून पाहावा. मुंबईचे स्कॉटिश मिशनरी जॉन विल्सन यांनी उत्तर कोकणातील वारली आणि काथोडी, म्हणजेच कातकरी, यांच्याविषयीचा वृत्तांत लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात १८४३ साली प्रसिद्ध केला. त्यात वारल्यांशी झालेली प्रश्नोत्तरे आहेत. प्रश्न विल्सनचे, उत्तरे वारल्यांची आणि छापील शब्द इंग्रजी. पुढे ग्रिअर्सन यांच्या भारतीय भाषा सर्वेक्षणाचा मराठीवरील सातवा खंड १९०५ साली निघाला. त्यात कातकरी, वारली या बोलींची दखल आहे. त्या सर्वेक्षणात देशभरच्या बोलींचे नमुने गोळा करताना एक ठराविक गोष्ट ठरवून घेतली होती. ती बायबलमधली उधळ्या पुत्राची. ज्या समाजाने वंशपरंपरेने जमिनीचा तुकडाही पाहिला नाही, त्याच्या बोलीची परीक्षा बापाची मालमत्ता उधळणाऱ्या मुलाच्या कथेने व्हावी, यातला विरोधाभास अभ्यासकांना बोचला नाही. बोली कागदावर आली ती दुसऱ्याची गोष्ट वाहून नेण्यापुरती. कातकऱ्याची स्वतःची गोष्ट कुणी मागितली नव्हती.

आफ्रिका आणि आपला प्रदेश यांना जोडणारा आणखी एक धागा आहे. नाशिकजवळ शरणपूर येथे चर्च मिशनरी सोसायटीने १८५४ साली वसाहत वसवली. इंग्रज आरमाराने गुलामांच्या जहाजांवरून सोडवलेली आफ्रिकी मुले तिथे ठेवली जात. मुंबईहून नाशिकला जाणारी वाट शहापूर तालुक्यातूनच कसारा घाट चढते. या मुलांना नवी नावे मिळाली, नवी भाषा मिळाली, हातात कसब आले. त्यांच्यापैकीच जेकब वेनराइट हा डॉ. लिव्हिंग्स्टन यांचे शव आफ्रिकेच्या अंतर्भागातून किनाऱ्यापर्यंत आणणाऱ्यांत होता. १८७४ साली लंडनमध्ये झालेल्या अंत्यविधीलाही तो हजर होता. इतर अनेकांना मोंबासाजवळ फ्रीअरटाउन येथे नेऊन वसवण्यात आले. तिथे त्यांचे नाव पडले 'बॉम्बे आफ्रिकन'. मायदेशी परतूनही ते परकेच ठरले. मुक्ती मिळाली, पण बोली परत मिळाली नाही.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ख्रिस्ती धर्मांतराची चिकित्सा करताना मिशनांचे शिक्षण व आरोग्यातील कार्य नाकारले नाही. पण धर्मांतरानंतरही जात चर्चमध्ये टिकून राहिली, हे त्यांनी स्पष्टपणे दाखवले. १९५० च्या अनुसूचित जातींच्या आदेशात प्रथम मुख्यतः हिंदूंना स्थान होते. १९५६ मध्ये शिखांचा आणि १९९० मध्ये बौद्धांचा समावेश झाला. ख्रिस्ती दलित बाहेरच राहिले. अनुसूचित जमातींना मात्र धर्माची अशी अट नाही. म्हणूनच धर्म बदललेल्या आदिवासींना यादीतून वगळा, अशी मागणी केली जाते. संस्कृतिरक्षणाच्या नावाने होणाऱ्या या मागणीला एकच प्रश्न विचारावा. आदिवासींच्या बोलीसाठी, जमिनीसाठी, शाळेसाठी तुम्ही काय केले? पूर्वज हिरावून घेणारा मिशनरी असेल तर तो आक्रमक, आणि वाघ्याला, हिरव्याला हळूहळू आपल्या देवळात ओढणारा मात्र रक्षणकर्ता, हा न्याय कुठला?

प्रश्न आपल्यालाही विचारावे लागतील. दिवाळीनंतर कातकरी कुटुंबे वीटभट्ट्यांवर जातात आणि मुलांची शाळा सुटते. जी मुले टिकतात ती पहिलीतच परक्या मराठीत अडकतात. आपल्या घरातून कॉलेजपर्यंत पोचलेली पहिलीच पिढी म्हणून मी वर्गात उभा राहतो. एखादा ठाकर विद्यार्थी उत्तर देताना थबकतो, तेव्हा तो विषय विसरलेला नसतो. 'शुद्ध' शब्द शोधत असतो. त्याला दुरुस्त करणारा शिक्षक वैजनाथ पंडितांचेच काम पुढे चालवत असतो, मग तो शिक्षक कोणत्याही जातीचा असो.

तेव्हा करण्यासारखे काम हाताशी आहे. मुलांनी घरच्या बोलीत लिहिलेले निबंध स्वीकारावेत. वाडीवरच्या म्हाताऱ्यांकडून कहाण्या, झाडपाल्याची माहिती, जमिनी कशा गेल्या याच्या हकिकती त्यांच्याच शब्दांत उतरवून घ्याव्यात आणि खाली त्यांचेच नाव घालावे. लिहून झाल्यावर ते त्यांना वाचून दाखवावे आणि चूक त्यांना काढू द्यावी. एवढे केले तर पुढच्या सर्वेक्षणात कातकरी बोलीचा नमुना म्हणून दुसऱ्याच्या मुलाची गोष्ट छापावी लागणार नाही.