पंतोजी, मास्तर, सर, ताई

आजोबा शेवटपर्यंत 'आमचे मास्तर' म्हणत. वडिलांना 'गुरुजी' होते, मला 'सर' आणि 'बाई' मिळाल्या, भाची तर शिक्षिकेला सरळ 'ताई' म्हणते. त्याआधीचे पंतोजी धूळपाटी, पावकी-निमकी आणि छडीसकट गोष्टींत गेले. हाक जवळची झाली म्हणजे नातंही जवळ आलं, असं मानायचा मोह होतो. मला ते पुरतं पटत नाही. आमच्या वर्गात साठ मुलं होती आणि वर्षभरात आपणहून तोंड उघडणारी चार. बाकीच्यांचा सरांशी व्यवहार वहीतल्या लाल शाईपुरता : 'पालकांची सही आणणे.'

म्हणून या नात्याचा मागोवा घेताना मी एकच पाहतो. मुलाला बोलायला जागा कोणी दिली?

पहिलं नाव मुक्ता साळवेचं. जोतीराव-सावित्रीबाईंच्या पुण्यातल्या शाळेत शिकणारी मातंग समाजातली मुलगी. मांग-महारांच्या दुःखाविषयीचा तिचा निबंध १८५५ साली 'ज्ञानोदय'मध्ये छापून आला, तेव्हा ती जेमतेम चौदा वर्षांची होती. त्यात ती धर्मालाच जाब विचारते. असा निबंध घोकून घेता येत नाही. फळ्यावरचं उतरवून घ्या म्हणणाऱ्या मास्तरांच्या हाताखाली तो लिहिलाही जात नाही.

त्यानंतर काही दशकांनी साताऱ्याच्या शाळेत भीमराव आंबेडकर वर्गाच्या कोपऱ्यात, घरून आणलेल्या गोणपाटावर बसत. तहान लागली तर गुरुजींची परवानगी पुरत नसे, नळ उघडायला शिपाई लागे. शिपाई नाही तर पाणी नाही. हे त्यांनीच लिहून ठेवलंय. पुढे मुंबईत चर्नी रोडच्या बागेत वाचत बसलेल्या या मुलाशी कृष्णराव अर्जुन केळुसकर बोलू लागले. केळुसकर शिक्षक खरे, पण भीमरावांच्या शाळेचे नव्हेत. मुलगा मॅट्रिक झाला तेव्हा त्यांनी स्वतः लिहिलेलं बुद्धचरित्र त्याला भेट दिलं, पुढे सयाजीराव गायकवाडांकडे त्याच्यासाठी शब्दही टाकला. आपल्या हजेरीपटावर नसलेल्या मुलाची एवढी चौकशी! आजच्या भाषेत याला 'अशैक्षणिक काम' म्हणतील की काय, कोण जाणे.

साने गुरुजी अमळनेरच्या प्रताप हायस्कूलच्या वसतिगृहात मुलांचे कपडे धूत, खोल्या झाडत, हे सगळ्यांना ठाऊक असतं. मला त्याहून मोलाचं वाटतं ते त्यांचं 'छात्रालय दैनिक'. रोज हाताने लिहून काढलेलं, वसतिगृहातल्या मुलांपुरतं. समोर उभं करून सुनावण्यापेक्षा लिहून सांगितलेलं मूल आपल्या वेळेने वाचतं, पुन्हा वाचतं. शेऱ्याची लाल शाई आणि ही शाई, दोन्ही मास्तरांच्याच.

कोसबाडला अनुताई वाघ आणखी पुढे गेल्या. गुरं राखणारी आदिवासी मुलं शाळेत येत नाहीत, तर शाळाच कुरणावर नेली. कुरणशाळा हे नावही किती साधं. तिथे बाईच मुलांच्या घरी पाहुण्या असल्यासारख्या, त्यामुळे बोलण्याची रीतही मुलांची.

२००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने छडीला आणि मानसिक छळालाही बंदी घातली. फार चांगलं झालं. पण छडी टाकलेल्या हातात वेळ नसेल तर करायचं काय? निवडणूक, जनगणना, पोषण आहाराचा हिशेब, वर रोजची ऑनलाइन माहिती. जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या शिक्षकाशी कधीही बोला, पहिला विषय हाच. मुलांशी गप्पा मारायला वेळापत्रकात तासिका नाही.

मग २०२० मध्ये शाळा बंद पडल्या आणि वर्ग व्हॉट्सअ‍ॅपवर आला. कुणाकडे फोन नाही, कुणाकडे रेंज नाही, कुणाचा फोन बापाबरोबर शेतात. नुकसान खूप झालं. माझी एक मैत्रीण चौथीला शिकवते. वर्गात हजेरीपलीकडे कधी न बोललेल्या एका मुलीचा तिला रात्री साडेनऊला आवाजी निरोप आला. मागे भांडी घासल्याचा आवाज, आणि मुलगी दबक्या आवाजात, "बाई, ते भागाकाराचं मला कळलंच नव्हतं."

ते भागाकार शाळा बंद व्हायच्या आधीचे, चार महिन्यांपूर्वीचे होते. मैत्रिणीने पाटी घेतली, खडू शोधला आणि एक छोटा व्हिडिओ करून पाठवला. दहा मिनिटांत पुन्हा निरोप आला, "बाई, बाकी उरली तर काय करायचं?"