लेकीची पाठ पाहिलीत का?

संक्रांत जवळ आली की आपल्या सोलापुरात गड्ड्याच्या यात्रेची गडबड सुरू होते. लेकीला हौसेनं नवा ड्रेस शिवावा, तर तो एका खांद्यावरून घसरतो, खालची कड एकीकडे वर चढते. आपण शिंप्याला बोल लावून मोकळ्या होतो. पण मैत्रिणींनो, दर वेळी चूक शिंप्याचीच असते असं नाही बरं का! कधी कधी मुलीच्या पाठीचा कणाच एका बाजूला झुकू लागलेला असतो.

डॉक्टर याला स्कोलिओसिस म्हणतात. १० ते १८ या वयात शंभरात दोन-तीन मुलांना असा बाक असतो. पण तो वाढत जाण्याचा धोका मुलींना कितीतरी अधिक. बहुतेकींच्या बाबतीत कारण सापडत नाही. दप्तराच्या ओझ्यानं किंवा पोक काढून बसल्यानं तो होत नाही. तेव्हा स्वतःला दोष देऊ नका आणि तिलाही रागावू नका.

पंचाईत अशी, की मुलगी दहा-अकरा वर्षांची झाली की आपली आपण न्हाऊ लागते आणि आईला तिची पाठ दिसेनाशी होते. नेमक्या याच काळात, पाळी सुरू होण्याच्या आधीच्या वर्षभरात, उंची झपाट्यानं वाढते आणि तिच्याबरोबर बाकही. म्हणून दिवाळीत उटणं लावताना किंवा एरवीही चार-सहा महिन्यांनी एकदा तिला पाय जुळवून, गुडघे ताठ ठेवून, हात जोडून पुढे वाकायला सांगा. मागून पाहा. पाठीची एक बाजू उंचवट्यासारखी वर आली, तर अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवा. आपल्या सिव्हिल हॉस्पिटलातही हा विभाग आहे.

आता श्वासाचं. आपल्या फासळ्या कण्याला जोडलेल्या असतात. कणा नुसता वाकत नाही, पिळतोही. मग छातीचा पिंजरा वाकडा होतो आणि श्वासाबरोबर पुरेसा फुलत नाही. बसल्या जागी काही जाणवत नाही, पण जिने चढताना मुलीला धाप लागते. बाक साधारण ७० अंशांच्या पुढे गेला, तर मात्र फुप्फुसांवर चांगलाच ताण येतो.

पण बाक मध्यम असतानाही दम लागतो, त्याचं एक कारण आपणच घरात तयार करतो. "पळू नकोस, खेळू नकोस" म्हणत मुलीला बसवून ठेवतो. न वापरलेले पायांचे स्नायू आणि हृदय दुबळे होतात, आणि दोष मात्र कण्यावर जातो! डॉक्टरांना विचारून तिला रोज भरभर चालू द्या, सायकल चालवू द्या, पोहू द्या. दम वाढतो. २००९ साली बर्लिनला १०० मीटर ९.५८ सेकंदांत धावणाऱ्या उसेन बोल्टच्या कण्यालाही बाक आहे. मात्र नुसत्या व्यायामानं बाक सरळ होईल, ही आशा धरू नका. मालीशवाल्याकडून कणा "बसवून" घेणं तर नकोच.

वाढत्या वयात बाक साधारण २५ ते ४० अंशांचा असेल, तर डॉक्टर पट्टा, म्हणजे ब्रेस, देतात. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिका-कॅनडातल्या अभ्यासात, रोज सरासरी १३ तास किंवा अधिक पट्टा वापरणाऱ्या मुलांपैकी ९० टक्क्यांहून जास्त जणांचा बाक शस्त्रक्रियेपर्यंत गेला नाही. सोलापूरच्या उन्हाळ्यात तो टोचतो, घामोळं येतं, हे खरं. आत शिवण नसलेला सुती बनियन घाला आणि तो दिवसातून दोनदा बदला. व्यायामाच्या वेळी पट्टा काढायचा का, ते डॉक्टर सांगतील.

"लोकांना कळलं तर लग्न कसं जमायचं?" या धास्तीनं किती तरी आया गप्प बसतात. पण पट्ट्याचा उपयोग उंची वाढते आहे तोवरच होतो. आज लपवलेला बाक वाढला, तर उद्या शस्त्रक्रियेची वेळ आणतो. म्हणून या रविवारी लेकीच्या केसांना तेल लावाल, तेव्हा पाठीवरूनही एकदा हात फिरवाच.